जोडीचा शब्द

आमच्या राज्याच्या सिनेटमध्ये नव्या सदस्याला अजूनही सांगतात, "शब्द दे, पण हाकालासारखा देऊ नकोस." सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वर्नर हाकालांना पाहिलेलंही नाही. ते माझे वडील. त्या सभागृहात ते चौतीस वर्षं होते, आणि त्यांतली तेहेतीस वर्षं लोक त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विसंबत. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे मित्र रॉयस हॅगर्टी गेल्या हिवाळ्यात गेले. ज्या कायद्यापायी हे सगळं झालं, त्याला आता कुणी हात लावत नाही. त्यामुळे हे लिहायला मी मोकळी आहे.

बाबा मूळचे खाणकामगार. आमचं गाव राज्याच्या अगदी उत्तरेला, लोखंडाच्या खाणींचं. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी संध्याकाळी तांबूस होऊन घरात येत. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा बाबांनी मांडलेलं पहिलं विधेयक शाळेतल्या जेवणाच्या तिकिटांबद्दल होतं. पैसे भरणाऱ्या मुलांना निळं तिकीट मिळे, फुकट जेवणाऱ्यांना पिवळं. पिवळं तिकीट मुठीत चुरगळून रांगेत उभी राहणारी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिकीट एकाच रंगाचं असावं. कोणाचे पैसे येतात आणि कोणाचे नाही ते ऑफिसला माहीत असू दे, रांगेला कशाला? सभागृह हसलं. वर्षभर त्यांना 'रंगारी' म्हणत होते. पण तो कायदा झाला.

त्यांचा सगळा विचार त्या तिकिटात होता. ते म्हणत, "ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे त्याच्यासाठी करतो ती मदत. ज्याचं नाव कधीच कळणार नाही त्याच्यासाठी करतो तो कायदा. दोन्ही गोष्टी कराव्यात. पण मदत केली म्हणून कायद्यातून सुटका नाही."

शेवटच्या वर्षी त्यांचा जीव एका विधेयकात अडकला होता. घरातल्या आजारी माणसाजवळ बसायला पगारी रजा, बारा आठवडे, कुठल्याही कामगाराला. सहा वेळा ते पडलं होतं. सातव्या खेपेला बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते, आणि पुन्हा निवडणूक लढवणार नव्हते.

गावात बर्नी स्काला होती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिच्या नवऱ्याची, स्टॅनची, फुप्फुसं खाणीच्या धुळीनं गेली होती. एका महिन्यात त्याला तीनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं, तीन पाळ्या बुडल्या, आणि तिसऱ्या खेपेनंतर ती कामावर गेली तर तिचा एप्रन दुसरीच बाई घालून उभी. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं हे बाबांना सांगितलं आणि म्हणाली, "मला रडायला आलं नाही बघा. मी तिला सांगितलं, मागची गाठ नीट मार, सुटते ती."

बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग तोवर गेला होता. कडा दिसत, समोरचं दिसत नसे. समोरच्या माणसाला पाहायला ते मान बाजूला वळवत, आणि नव्या लोकांना वाटे, म्हातारा आपल्याकडे लक्ष देत नाही. मी गावच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून त्यांना वाचून दाखवायला राजधानीत आले. विधेयकं, दुरुस्त्या, चिठ्ठ्या, निरोप. सभागृहात त्यांच्या खुर्चीमागे मला एक स्टूल दिलेलं होतं. जे मी वाचीन ते लिहिलेलं, जे मी सांगेन ते घडलेलं. दोन वर्षांत एका शब्दाबद्दलही त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

रॉयस हॅगर्टी समोरच्या बाजूचे. दक्षिणेकडचे, मका आणि दुभत्या गाईंच्या मुलखातले. उंच, खांद्यात वाकलेले, बोलताना टोपी हातात फिरवणारे. ते बाबांना 'लोखंड्या' म्हणत. भर सभागृहात 'उत्तरेचे सन्माननीय सदस्य', आणि दाराबाहेर पाऊल पडलं की लोखंड्या. दोघं दुपारी खालच्या खानावळीत एकाच टेबलावर बसून सूप पीत आणि भांडत.

"लोखंड्या, माझ्याकडे चार माणसं आहेत. एक बारा आठवडे घरी बसला, तर गाई काय तुझं भाषण ऐकून दूध देणार?"

"माझं भाषण ऐकून तुझ्या बाजूचे झोपतात एवढं माहीत आहे. गाईंवर करून पाहिलेलं नाही."

"थट्टा सोड. त्या चौघांपैकी कुणाच्या घरी आजारपण आलं, तर मी पगार कापलाय का कधी? जा, विचार त्यांना."

"विचारायला कशाला हवं? नाहीच कापला तू. पण तुझ्याकडे नोकरीला लागायचं नशीब सगळ्यांचं नसतं, रॉयस. मला त्यातून नशीब काढून टाकायचंय."

"नशीब काढशील तसा चांगुलपणाही काढशील. सक्तीनं केलेल्याला चांगुलपणा कोण म्हणेल?"

"बर्नीला चांगुलपणा नकोय रे. तिला तिचा एप्रन हवाय."

हॅगर्टी हसले, पण पटलं म्हणून नाही. त्यांना ते कधीच पटलं नाही.

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, ते बाबांच्या खुर्चीपाशी आले. टोपी हातात नव्हती. त्यांची बायको नोरीन वसंतापासून आजारी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"लोखंड्या, डॉक्टर म्हणतात आज-उद्या. मला जोडी देशील?"

जोडी कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती. कुणाला जाणं भागच पडलं, तर विरुद्ध बाजूचा एक जण त्याच्या गैरहजेरीत स्वतःचं मत देत नसे. दोन्ही पारड्यांतून सारखंच वजन काढायचं, म्हणजे काटा हलत नाही. त्यासाठी लागे ते फक्त हस्तांदोलन. शब्द ज्याला दिला त्यानंच मोकळं केलं तर सुटका, एरवी नाही. शंभर वर्षांत जोडी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाबांनी मान वळवून, डोळ्याच्या कडेनं त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या रजेचं विधेयक आहे, रॉयस."

"माहीत आहे. म्हणूनच तुझ्याकडे आलो. दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो, तर मतं मोजत बसला असता."

बाबांनी हात पुढे केला. हॅगर्टींनी तो दोन्ही हातांत धरला आणि ते निघून गेले. मी मनात हिशेब केला. एक्केचाळीस सदस्य. आमचे एकवीस, त्यांचे वीस. जोडी गेली, की वीस विरुद्ध एकोणीस. कायदा होत होता. मीही निश्चिंत झाले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला आमच्यातल्या एकाचं आंत्रपुच्छ फुटलं. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. आता एकोणीस आणि एकोणीस. बरोबरीत विधेयक पडतं.

आमच्या बाजूच्या नेत्या ग्वेन ओडेल दोन-तीन विरोधकांकडे त्याच्यासाठी जोडी मागायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. त्या मला दगडी जिन्यापाशी भेटल्या. "हेल्मी, तुझे बाबा स्वतः फोन करणार नाहीत. तू कर. हॅगर्टी भला माणूस आहे. काय झालंय ते सांग, मोकळं करा म्हणावं. तीनला मतदान आहे."

वर गॅलरीत आमच्या गावाहून बसनं आलेल्या बारा बायका बसल्या होत्या. बर्नी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. स्टॅनजवळ त्या दिवशी शेजारीण होती.

मी हॉस्पिटलात फोन लावला. नर्स हळू आवाजात बोलत होती. "मिस्टर हॅगर्टी आत आहेत. आता फार वेळ नाही राहिलेला. बाहेर बोलावू का?"

मी म्हणाले, "नको. बोलावू नका."

एवढा विवेक मला होता. मरणाऱ्या बायकोचा हात सोडवून एका माणसाला फोनवर बोलावणं माझ्यानं झालं नाही. फोन ठेवला, सभागृहात गेले, स्टुलावर बसले, बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबा, हॅगर्टींनी तुम्हाला मोकळं केलंय."

मतदानाची घंटा सुरू झाली होती.

"तो स्वतः बोलला?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पुन्हा विचारलं होतं.

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, वर्नरला सांग, तू मोकळा आहेस."

बाबांनी खुर्चीचा हात चाचपून धरला. मग म्हणाले, "बरं."

यादीत हाकाला आणि हॅगर्टी लागोपाठ येतात. कारकुनानं "हाकाला" पुकारलं. जोडी सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे त्यानं नजर वर न करता पुढच्या नावावर बोट नेलंही होतं. बाबा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "होय." कारकुनानं मान वर केली. मग त्यानं "हॅगर्टी" पुकारलं, आणि रिकाम्या खुर्चीसाठी थांबतात तितका वेळ तो थांबला.

वीस विरुद्ध एकोणीस. गॅलरीत बायका रडत होत्या, शिपाई त्यांना गप्प करत होता. समोरच्या बाजूचा नेता आमच्यापाशी आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "वर्नर, रॉयसनं तुला मोकळं केलं होतं?"

मी तोंड उघडलं. बाबांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथंच घट्ट राहिला.

"नाही," बाबा म्हणाले. "माझं मी ठरवलं."

ग्वेन ओडेलनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी मला त्याबद्दल नंतरही कधी विचारलं नाही.

त्याच दुपारी, मतदानानंतर दहा मिनिटांनी, नोरीन हॅगर्टी गेल्या.

घरी परतताना पाच तासांचा रस्ता होता. मी दोनदा "बाबा, मी..." म्हणून सुरुवात केली आणि दोन्हीदा ते म्हणाले, "रस्त्याकडे बघ." सरोवराजवळचा पूल ओलांडल्यावर ते आपणहून बोलले.

"रॉयस मला वर्नर म्हणत नाही, पोरी."

माझ्या हातांतलं स्टिअरिंग किंचित डुललं असावं, कारण ते म्हणाले, "सावकाश."

"मग तुम्ही होय का म्हणालात?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "ते खरं असायला हवं होतं मला. तेवढ्यापुरतं."

"मी हॅगर्टींना लिहिते. ग्वेनना सांगते. चूक माझी आहे, तुमची नाही."

"आणि मग? आज मी शब्द मोडला. वाईट आहे, पण मत माझं होतं, कायदेशीर होतं. खोट्या निरोपावर घेतलेलं मत म्हटल्यावर ते उद्याच सगळं उलटवतील. आपल्यातलेच दोघं सबबीची वाट बघतायत."

"पण तुमचं नाव?"

"माझं नाव सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची माहीत नाहीत त्यांचा विचार कर." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोलू नकोस. मला दिसत नाही."

हे ते रागानं बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी आम्ही नोरीनच्या दफनाला दक्षिणेत गेलो. जायलाच हवं, असं बाबा म्हणाले. चर्चबाहेर, मक्याच्या शेताच्या कडेला, ते हॅगर्टींसमोर उभे राहिले. मी दहा पावलं मागे होते.

"मी शब्द मोडला, रॉयस."

"ऐकलं. का?"

"कायदा हवा होता."

हॅगर्टी टोपी फिरवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घरात अनोळखी माणूस शिरला तर माणूस कसा बघेल, तसे ते बघत होते. "लांबून आलात, मिस्टर हाकाला," ते म्हणाले. "आत जेवण आहे. जेवून जा." आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

आम्ही जेवलो नाही.

पुढच्या अधिवेशनात कुणी कुणाला जोडी दिली नाही. कुणी ठराव केला नाही, कुणी बोललंही नाही. मागणारे मागेनासे झाले. आमच्याच बाजूच्या एका तरुण सदस्येचं बाळ त्या वर्षी काचेच्या पेटीत होतं. ती चार दिवस सभागृहात बसून होय-नाही म्हणत होती, आणि मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून हॉस्पिटलात फोन करत होती. राज्यातल्या प्रत्येक बाईला जी रजा मिळाली, ती तिला नव्हती. कायदा निवडून आलेल्यांना लागू नव्हता. त्यांच्यासाठी जोडी होती, ती गेली होती. ग्वेननी हे पत्रातून कळवलं. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. वगळलं असतं तर त्यांना कळलं नसतं. पण मी वाचलं. त्यांनी पत्र हातात मागून घेतलं आणि दिसत नसताना त्याच्याकडे पाहत बसले.

बाबा त्या मतदानानंतरच्या तिसऱ्या शरदात गेले. झोपेत, फार त्रास न होता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा पाव होता. गाव सगळं आलं होतं. राजधानीतून फुलं आली, माणसं मोजकी आली. बर्नी मोठ्या किटलीपाशी उभी राहून सगळ्यांना ओतून देत होती. स्टॅन आदल्या वर्षी वारला होता.

बर्नीनं भरलेला एक कप घेऊन मी वळले, तो दारात हॅगर्टी. पाच तास गाडी चालवून आले होते. मी त्यांना कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं.

"नोरीनच्या वेळी तो आला होता," ते म्हणाले. "म्हणून आलो."

मी कप हातातच धरून उभी होते. तीन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं. "मिस्टर हॅगर्टी, त्या दिवशी मी हॉस्पिटलात फोन..."

त्यांनी तळहात वर केला.

"थांब, हेल्मी. आधी माझं ऐक. मंगळवारी तो कायदा रद्द करायचं विधेयक येतंय. मांडणारा मी आहे. मला दोन मतं कमी पडतात, आणि तुमच्या बाजूचे दोघं कारण शोधतायत. मला जे कळेल, ते मी तिथं उभा राहून बोलणार. ऐकून न ऐकल्यासारखं करणं मला जमत नाही, या वयात शिकणारही नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "तीन वर्षं मी गाईंची धार काढतोय आणि एकच विचार करतोय. लोखंड्यानं हे केलं कसं? माझा भाऊ करेल, मी करेन, पण लोखंड्या? मला उत्तर हवंय गं. खूप हवंय. तुझ्याकडे ते आहे, असं तुला बघून वाटतंय. म्हणून तूच ठरव. तू मला काही सांगत होतीस, की कॉफी देत होतीस?"

पलीकडे बर्नी कुणाला तरी ओरडून सांगत होती, की दूध संपलंय, काळीच प्या, वर्नर काळीच प्यायचा.

माझ्या एका वाक्यात माझे वडील परत उभे राहिले असते. या माणसाला त्याचा मित्र परत मिळाला असता. दोघांनाही ते द्यायचं माझ्या हातात होतं, आणि दोघांचीही नावं मला माहीत होती.

"कॉफी," मी म्हणाले आणि कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

हॅगर्टींनी मान हलवली. कप अर्धा प्याले, टोपी घातली, बाबांच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि जिना चढून गेले. मंगळवारी त्यांनी विधेयक मांडलं, रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं आणि तीच दोन मतं कमी पडून ते हरले. माझ्याशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

दफनाच्या संध्याकाळी भांडी आवरून बर्नी माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. गार वारा सुटला होता, तिनं माझा हात आपल्या हातात अडकवला होता.

"तो उंच म्हातारा," ती म्हणाली, "दक्षिणेचा ना? बायको मरत होती तो?"

"हो."

"काळीज मोठं हं त्याचं, आला तो." ती थोडं चालली. "हे बघ, मला काय मिळालं ते मी विसरणार नाही. नव्या नोकरीतून रजा घेऊन अकरा आठवडे मी स्टॅनपाशी होते. माझ्या हातावर गेला तो. त्यासाठी एका शेतकऱ्याला काय, दहांना फसवा म्हणेन मी. पण तरी, तुला म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. वर्नरकडून मला तसं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ओळखत होते ना मी त्याला. मी लोकांना सांगायची, काहीतरी गैरसमज असेल." तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं. "होता का गं गैरसमज? का खरंच फसवलं त्यानं त्या माणसाला?"

"खरंच," मी म्हणाले. "फसवलं."

बर्नीनं माझा हात थोपटला आणि आम्ही पुढे चालू लागलो.